वाकळीची डोक्याकडची बाजू

दुपारी तीनला गल्लीत भोंगा आला. "जुन्या साड्यांची गोधडी शिवून मिळेल, सिंगल गोधडी, डबल गोधडी..." टेप केलेला आवाज, बाई पुण्याकडची असावी. ऊन असं, की लातुरातली कुत्रीसुद्धा उभ्या गाड्यांखालून बाहेर येत नव्हती आणि हा माणूस पांघरुणाची ऑर्डर मागत फिरत होता. मला हसू आलं. मग आठवलं, आमच्या घरी वाकळ शिवायची ती वैशाखातच. रास घरात आलेली, मृगाला अवकाश, बायांचे हात रिकामे. थंडीत शिवायला वेळ कुणाला असतो?

गोधडी हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात शिकले. आमच्याकडे वाकळ. गोधडी कशी न्हाऊन, वेणी घालून आल्यासारखी वाटते. हल्ली तर ती प्रदर्शनात टांगलेली असते आणि तिच्यावर हत्ती असतात. वाकळीवर हत्ती नसतो. वाकळीवर अण्णांच्या सदऱ्याचा खिसा असतो, चारी बाजूंनी शिवून टाकलेला, आणि त्यात बोट घालायचा मी रात्र-रात्र प्रयत्न केलेला असतो.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. सारवलेल्या अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत, आजी आधी एक जुनं लुगडं अंथरायची. त्याला चारी कोपऱ्यांना वजन: वरवंटा, तांब्या, अडकित्त्याची पेटी आणि चौथ्या कोपऱ्यावर मी. वाऱ्यानं कोपरा उडाला की चापट मला, वरवंट्याला कोणी काही म्हणत नसे. मग पोटात धोतराचे तुकडे, फाटके परकर, सदऱ्यांच्या पाठी. बटणं आधीच काढून डब्यात. वरून दुसरं लुगडं. मोठे-मोठे कच्चे टाके घालून सगळं एकदा जागच्या जागी धरलं, की शेजारच्या दोघीतिघी आपापली सुई घेऊन यायच्या आणि चार बाजूंनी चौघी बसायच्या. धावदोरा काठावरून सुरू व्हायचा आणि आत-आत सरकत जायचा. सकाळी लांब-लांब बसून मोठ्यानं बोलणाऱ्या बाया संध्याकाळपर्यंत गुडघ्याला गुडघा लावून कुजबुजायला लागायच्या. गावातल्या खऱ्या बातम्या वाकळीच्या मध्यभागी कळत. तिथवर आलं की मला पाणी आणायला पाठवत.

माझं काम सुया ओवायचं. आजीला दिसत नसे, पण टाका कधी वाकडा गेला नाही. आता मला दिसत नाही, आणि टाकाही येत नाही.

शेवटी आजी एका आखूड बाजूला मधोमध लाल कापडाचं चौकोनी ठिगळ लावायची. ही डोक्याकडची बाजू. काल ज्या बाजूला पाय होते ती आज तोंडाशी यायला नको, एवढाच त्याचा अर्थ. पण हे ठिगळ माझ्या अंगात असं मुरलंय, की लॉजवर गेले तरी ब्लँकेटची मी आधी डोक्याकडची बाजू शोधते. सापडत नाही. मग रात्रभर वाटत राहतं, कुणाचे तरी पाय माझ्या हनुवटीला लागतायत. नवरा म्हणतो, तुझं डोकं फिरलंय. असेल.

दुसरी खोड म्हणजे तोंडावरून पांघरूण घ्यायची. आजी रात्री उठून ते खाली ओढायची. "तोंडावरनं घेऊ नको, मढ्यावानी दिसतंय." मी पुन्हा वर ओढायची. आत अंधार, जुन्या सुताचा वास, थोडा धुराचा, थोडा आजीचा.

घटस्थापनेआधी दसरा काढायचे. घर पांढऱ्या मातीनं पोतारायचं, आणि वाकळांचे ढीग बैलगाडीत घालून तेरणेवर. भिजलेली वाकळ एकट्या बाईला उचलत नाही. दोघी दोन टोकं धरून पिळायच्या, पीळ बसत-बसत वाकळ अजगरासारखी व्हायची, आणि कुणीतरी मुद्दाम आपलं टोक सोडायचं. खडकावर वाळत घातलेल्या वाकळांवरून कुणाचं घर कुठपर्यंत आलंय ते कळायचं. कुणाच्या पोटातलं धोतर बाहेर डोकावतंय, कुणाच्या वाकळीला यंदा नवं लुगडं चढलंय.

१९९३ साली दसरा काढायचा राहिला.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. पोरं विसर्जनात नाचून दमून झोपलेली. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमच्याकडे गोठ्याची भिंत गेली आणि माळवदाची माती भसाभस अंगावर आली, तेवढंच. किल्लारीकडे काय झालं ते उजाडल्यावर कळायला लागलं. दगडामातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार म्हणून ज्यांचं कौतुक, तीच घरं माणसांवर बसली. मेलेल्यांचा सरकारी आकडा पुढे आठ हजारांच्या जवळ गेला. मला तेव्हा आकडा कळत नव्हता. अकरा वर्षांची होते. मला एवढंच कळलं, की आजीनं वाकळांचा ढीग बाहेर काढलाय आणि त्यात माझी आहे.

वरून पाऊस. आम्ही स्वतः अंगणात ताडपत्रीखाली झोपत होतो, कारण माळवदाखाली जायची कुणाची छाती नव्हती. गावातून टेम्पो निघणार होता. घरोघरीच्या भाकरी, ठेचा, कपड्यांची बोचकी. माय म्हणाली, "जुन्या बघून द्या, आत्या." आजी ऐकून न ऐकल्यासारखं करून चांगल्यातल्या चार निवडत होती. मी माझ्या वाकळीचं टोक धरून ठेवलं. "ही माझी हाय." आजी रागावली नाही. म्हणाली, "तुला मी हाय की गं." आणि टोक सोडवून घेतलं.

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. भूकंपाच्या आठवणी काढताना लोक काय-काय सांगतात. मी गप्प बसते. माझी आठवण रुसव्याची आहे, आणि ती सांगायची लाज वाटते.

अण्णा टेम्पोबरोबर गेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले ते घरात आले नाहीत. ताडपत्रीच्या बाहेर, पावसातच उभे राहिले. आजीनं विचारलं, "वाकळा कुणाला दिल्या?" ते म्हणाले, "दिल्या." मग आजीनं काहीच विचारलं नाही. घागर आणून बाहेर ठेवली. त्यांनी तिथंच अंगावर पाणी घेतलं, कपड्यांसकट, आणि मगच आत आले. मला वाटलं, चिखलात भरलेत म्हणून. मयतीहून आल्यावर असं करतात हे मला माहीत होतं, पण मी ते आणि हे एकत्र लावलं नाही. लावलं, तेव्हा माझं लग्न झालेलं होतं आणि आजी राहिली नव्हती.

भोंगा आता दारात होता. मी मायच्या साड्या काढून बाजेवर ठेवल्या. मागे सरकारी दवाखान्यात आठवडाभर बसायची वेळ आली, तेव्हा व्हरांड्यात पेशंटची माणसं वर्तमानपत्रं अंथरून झोपलेली बघितली होती. तेव्हापासून डोक्यात होतं, दोन-चार शिवून नेऊन द्याव्यात. नव्या कापडाचं काय, ते टोचतं. जन्मलेल्या लेकरालाही पहिलं जुनंच घालतात.

माणसानं साड्या चाचपल्या. "ताई, ह्या सिंथेटिक हायत्या. सुती असती तर ऊब राहिली असती."

"सुती एकच आहे," मी म्हटलं आणि ती बाजूला काढून मांडीवर घेतली. कॉलेजात माझं नाव घालायला आली तेव्हा माय नेसली होती ती. तो बघत राहिला. "हीबी घ्यायची का?"

"राहू द्या," मी म्हटलं.

त्यानं बाकीच्या मोजल्या, टेप लावून लांबी घेतली, वहीत माझा मोबाईल नंबर लिहिला.

"काठ कुठला लावू? मरून हाय, निळा हाय."

"कुठलाही लावा. पण एका बाजूला मधोमध एक लाल ठिगळ लावाल का?"

"डिझाईनचं का?"

"नाही, साधं. चौकोनी."

"त्याचे वीस रुपये जास्त पडतील," तो म्हणाला.