तुम्ही विचारलंत म्हणून: रान सुटलं, सण उरले, त्यात देव कुठं?

‘गाव सुटलं, रान बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिलं. आता सण म्हणजे सुट्टी आणि पुरणपोळी. यात आध्यात्मिक म्हणावं असं काही उरलंय का? असलं तर ते हाती कसं लागायचं?’ लातूर, धाराशिव, बीडकडून पुण्याला किंवा संभाजीनगरला गेलेली मंडळी हा प्रश्न फिरून फिरून विचारतात. विचारताना आवाजात थोडी लाज असते, तिची काही गरज नाही.

मराठवाड्यातले बरेच सण मुळात रानाची पाहणी आहेत. आधी बघायचं, मग हात जोडायचे. आपण हात जोडणं तेवढं शहरात नेलं आणि बघणं गावाकडं ठेवलं. म्हणून पूजा पोकळ वाटते. बघणं परत सुरू करता येतं, त्याला सातबाऱ्यावर नाव लागत नाही.

बघायचं म्हटलं की पहिला घोळ तारखेचा होतो. आपलं वर्ष दोन घड्याळांवर चालतं. सण बहुतेक चंद्रावर, पेरणी सूर्यावर. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५चं. म्हणून चंद्रावरचा सण दरसाल अकराएक दिवस मागं सरकतो आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना येऊन त्याला पुढं ढकलतो. मार्गशीर्ष अमावस्येची येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, रानात जाऊन पूजा करायचा सण, घ्या. २०२४ या एका इंग्रजी वर्षात ती दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. २०२५ मध्ये १९ डिसेंबरला. २०२६च्या कॅलेंडरात शोधाल तर सापडणारच नाही. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळं येळवस थेट ७ जानेवारी २०२७ला जाते.

याचा अर्थ रानात उतरल्यावर कळतो. हस्ताच्या पावसावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरलेली रब्बी ज्वारी १९ डिसेंबरला पोटरीतून निसवत असते. ११ जानेवारीला तीच ज्वारी हुरड्यावर आलेली असते. सण तोच, पण एका वर्षी कणीस अजून पानाच्या पोटात आणि दुसऱ्या वर्षी दाणा दाताखाली. ‘दरवर्षी तेच तेच’ म्हणणाऱ्यानं रानाकडं पाहिलेलं नसतं. पावसाच्या नक्षत्रांचं मात्र असं नाही. ती सूर्यावर चालतात, म्हणून मृग दरसाल ७-८ जूनलाच निघतो आणि पुढचं प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. शेतकरी पेरणीला नक्षत्र बघतो आणि पूजेला तिथी, आणि त्याचा कधी गोंधळ होत नाही.

येळवस लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत इतकी मोठी की जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी देतात. गावं ओस पडतात, सगळा जीव रानात. पद्धत अशी. विहिरीजवळ किंवा रानाच्या मध्यावर कडब्याच्या पेंढ्या उभ्या करायच्या, शेंडे एकत्र बांधायचे आणि वरून शाल किंवा कोरं कापड टाकायचं. ही कोप. आत पाच दगड मांडायचे, चुन्यानं पांढरे केलेले. हे पांडव. हळदकुंकू, निवद, मग मडक्यातली आंबील घेऊन पिकात शिंपडत रानाला वळसा घालायचा, तोंडानं ‘होलगे होलगे सालम पोलगे’. उच्चार गावागणिक बदलतो, त्यावरून वाद घालू नये. त्यानंतर जेवणं, आणि सांज झाली की काही गावांत पेटती कडब्याची पेंढी घेऊन शिवारात हेंडगा फिरवतात. इथं एक सांगणं आहे. शेजारी वाळलेली तूर किंवा पाचटाचा ऊस असेल तर हेंडगा बांधावरून लांब न्या, नाहीतर राहू द्या. प्रथा मोडली म्हणून काही होत नाही, तूर पेटली तर वर्ष जातं.

कोपीसाठी कडबा लागतो तो गेल्या सालचा. यंदाची ज्वारी अजून उभी असते. म्हणजे मागच्या वर्षाच्या आडोशाला बसून आपण येणाऱ्या वर्षाला निवद दाखवतो. हे कुणी समजावून सांगत नाही, पण कोप नीट बांधली की आपोआप दिसतं. अलीकडं ज्वारी कमी झाली, सोयाबीन काढून हरभरा टाकतात, मग कडबा विकत आणावा लागतो. दोन-चार पेंढ्या आणल्या तरी चालतं. प्लास्टिकची ताडपत्री ओढून केलेली कोप मात्र मला सोय वाटते, पूजा वाटत नाही. मत माझं आहे.

वळसा घालतानाच पाहणी होते, आणि हा वळसाच सगळ्यात जास्त चुकवला जातो. मूठभर आंबील कोपीसमोर उडवली की झालं, असं करू नका. चारी बांध चाला. हरभऱ्याच्या घाट्याला गोल भोक आणि अळी अर्धी बाहेर दिसते का, तुरीच्या शेंगा भरल्यात की पोचट, करडईला बोंडं धरली का, ज्वारीची खालची पानं पाण्यावाचून वाळतायत का. हे बघत चाललं की घोषणा आणि डोळे एकाच कामाला लागतात. बटईनं रान दिलेल्या मालकानं तर हा वळसा बटईदारासोबतच घालावा, पुढं न चालता. आणि ज्याला रान नाही त्याला येळवशीला आवतण द्यायचंच. बिनाआवतणाचा कुणी बांधावर आला तरी त्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. सणातला धर्म कुठं असं विचाराल, तर आधी मी इथंच बोट ठेवीन.

आता जेवण, कारण शहरात नेता येण्यासारखं तेच आहे आणि तेच बिघडतं. आंबील आदल्या रात्री लावायची. एक वाटी ज्वारीचं पीठ दोन वाट्या ताकात गुठळी न होता कालवून आठ-दहा तास ठेवायचं. सकाळी पाच वाट्या पाण्याला उकळी आणायची, त्यात मीठ, ठेचलेला लसूण, जिरं, थोडं आलं. पीठ धार धरून सोडत राहायचं, दुसऱ्या हातानं ढवळत. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. पूर्ण गार झाल्यावर पुन्हा दोन-तीन वाट्या ताक. गरम असतानाच ताक ओतलं की फुटतं, आणि मग लोक पिठाला नावं ठेवतात. पुण्यातल्या घरात रात्र ऊबदार असेल तर आठ तास पुरे, जास्त ठेवलं तर घशाला लागेल इतकी आंबते. मातीचं मडकं असलं तर उत्तम, तांब्या-पितळेत आंबट ठेवू नये.

भज्जी म्हणजे त्या आठवड्यात रानात जे हिरवं आहे त्याची यादी. आठ-दहा माणसांना सोले तुरीचे दोन वाट्या, मटार, हिरवा हरभरा आणि पावट्याचे दाणे एकेक वाटी, अर्धी वाटी भिजवलेले शेंगदाणे. शिवाय गाजर, कोवळी वांगी, मेथी, चाकवत, आंबट चुका आणि कांद्याची पात. आधी सगळे दाणे मीठ घालून शिजवायचे, वीसेक मिनिटं. ते बोटानं दबल्यावरच चुका आणि चिंचेचा कोळ. आंबट आधी पडलं तर दाणा कितीही शिजवा, टणकच राहतो. शेवटी पाऊण वाटी बेसन गार पाण्यात कालवून ओतायचं, हिरवी मिरची-लसणाचा ठेचा आणि वरून फोडणी. सोबत बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे. शहरात फ्रीजरमधला मटार मिळतो म्हणून भज्जी जूनमध्येही करता येते. करू नका. ती न मिळण्याचे दहा-अकरा महिने हाच तिचा अर्धा अर्थ आहे.

येळवशीला गावी जाणं जमत नसेल त्यांच्यासाठी घट. घटस्थापनेचे दिवस रब्बीच्या पेरणीला लागूनच येतात, आणि परडीत उगवणारं धान्य म्हणजे बियाण्याची घरातली परीक्षा. फ्लॅटमध्ये हे जसंच्या तसं करता येतं, फक्त मातीकडं लक्ष हवं. नुसती काळी माती पाणी धरून बसते आणि वरून तडकते. दोन भाग माती, एक भाग चाळलेलं शेणखत, मूठभर वाळू. परडीत खाली पत्रावळ, वर दोन-अडीच इंच थर. गहू, ज्वारी, हरभरा, करडई, जव, साळ, मूग असं जे घालाल ते एकाच थरात पसरायचं, ढीग करायचा नाही, वर अर्धा इंच माती. गहू आणि हरभरा आठ तासांपेक्षा जास्त भिजवू नका.

घट मातीचाच घ्या. मातीच्या भांड्यातून पाणी झिरपतं आणि भोवतीची माती ओलसर राहते, वरून रोज नुसता शिंतोडा पुरतो. तांब्याचा कलश ठेवला की हे झिरपणं बंद, मग माणसं वाटीवाटीनं पाणी घालतात, तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी आणि वास. सगळ्यात आधी हरभरा कुजतो. अंकुर पिवळे निघाले म्हणून घाबरू नका, देवघरात उजेड कमी म्हणून तसे होतात, आणि दसऱ्याला टोपीत-फेट्यात खोवायला तेच हवे असतात. दुकानातलं गुलाबी-लाल रंग चोळलेलं बियाणं मात्र घटात घालू नका, त्याला औषध लावलेलं असतं आणि घरात लेकरं असतात.

बघणं खरोखर करायचं असेल तर परडीशेजारी ओल्या बारदानात मोजून शंभर हरभरे गुंडाळा आणि आठव्या दिवशी मोजा. प्रमाणित बियाण्याला हरभरा आणि गव्हाची किमान उगवण ८५ टक्के लागते, ज्वारीची ७५. गावाकडं भाऊ किंवा बटईदार घरचं बी पेरणार असेल तर त्याच्याकडूनच मूठभर मागवून घ्या आणि आकडा त्याला फोनवर सांगा. नवरात्रात देवीपुढं बसून केलेलं याहून चांगलं काम मला तरी माहीत नाही.

तुळजापूरची एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे. शारदीय नवरात्राआधी भवानीमाता भाद्रपद वद्य अष्टमीपासून निद्रेत असते, दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की पुन्हा कोजागरीपर्यंत, आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी तिसऱ्यांदा. मूर्ती सिंहासनावरून पलंगावर नेतात. मोठ्या कामाआधी झोप आणि कामानंतर झोप, ही रीत खुद्द देवीची. आपण मात्र नवरात्राचे नऊ दिवस ऑफिस, उपवास, गरबा एकावर एक रचतो आणि दसऱ्याला ‘काही वाटलंच नाही’ म्हणतो. दसरा ते कोजागरी हे दिवस जमेल तितके मोकळे ठेवून बघा.

संक्रांतीचं काम सोपं. सुगडात ऊस, घाटे, बोरं, गाजर, गव्हाची ओंबी पडते. तो रब्बीचा नमुना आहे. बाजारात तयार मिळणारं पाकीट न घेता एकेक वस्तू निवडून घेतली तरी यंदा काय पिकलं ते कळतं. पोळ्याला बैल नसला तर मातीचा बैल पुजतात. ठीक आहे, पण आदल्या सांजेला खांदमळणी असते, हळद-तुपानं बैलाचा खांदा चोळायचा. ज्याच्या खांद्यावर आपलं वर्ष चाललं त्याची त्या सांजेला विचारपूस करायची. घरात असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही.

अवघड प्रश्न यापुढचा आहे: पीक गेलं त्या वर्षी काय? मराठवाड्यात हा प्रश्न आडवळणाचा नाही. १९७२चा दुष्काळ आजही बोलण्यात येतो. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. सप्टेंबर २०२५मध्ये ऐन नवरात्राच्या तोंडावर धाराशिव, बीड, लातूरकडं पुरानं सोयाबीन तर नेलंच, जमिनी खरडून नेल्या. पूजा म्हणजे पिकाची परतफेड असं मानलं तर अशा वर्षी कोप बांधायचं कारणच उरत नाही. पण पांडवांना निवद दाखवताना कुणी पोती मोजत नाही. खरडलेल्या रानातही पाच दगड मांडता येतात. तिथं वळसा घालताना बघायचं ते वेगळं: माती कुठून गेली, बांध कुठं फुटला, विहिरीत गाळ किती, पहिला पाऊस यायच्या आत कुठली चर बुजवली पाहिजे. आंबील तीच. मात्र त्या घरी पाहुणा म्हणून जाणार असाल तर जेवायला बसायच्या आधी हातात खोरं घ्या. आणि गहू-ज्वारीचा थोडा दाणागोटा सोबत न्या, पिशवीत, आल्या-आल्या चुलीशी ठेवून द्यायचा, कुणाला न दाखवता.

पुढची येळवस ७ जानेवारी २०२७, गुरुवार. सुट्टी लातूर-धाराशिवला मिळेल, पुण्यात रजा टाकावी लागेल. कोपीसाठी कडबा कुणाकडं आहे ते दिवाळीतच विचारून ठेवा.