कन्यादान की कन्यामान?

भाचीच्या लग्नाचा शालू घ्यायला आज ताईबरोबर लक्ष्मी रोडला. दुकानाबाहेर नटीचं दोनमजली पोस्टर. ताई म्हणाली, "अगं, ती मान्यवरची आलिया आठवते का?" मान्यवर या लग्नाच्या कपड्यांच्या ब्रँडची, आलिया भट्टची २०२१ची ती 'कन्यामान'वाली जाहिरात! मांडवातली नवरी विचारते, मुलगी दान करायची वस्तू आहे का? मग मुलाचे आई-वडीलही त्याचा हात देतात. केवढा गदारोळ! कंगनानेही झोडपलं. अशाच गदारोळात २०२०मध्ये दागिन्यांच्या तनिष्कने, नंतर कपड्यांच्या फॅबइंडियाने आपापल्या जाहिराती मागेच घेतल्या.

मला आलियाची ती जाहिरात आवडली होती. पण कपडे विकायलाच होती ना, हेही खरं.

भाची मात्र ठाम, "मावशी, गुरुजींना सांग, दान नको." ताई गप्प. मग हळूच म्हणाली, "ते राहू दे, आधी पदर बघ."