बाबांच्या रस्त्यावर चार ट्रिपा

शनिवार, रात्री साडेनऊ

उद्याच्या मॅरेथॉनची तयारी झाली. नंबराचा कागद टी-शर्टला चार पिनांनी लावला, मोजे धुऊन वाळवले. व्हॅसलीनची डबी, लिंबू-मिठाच्या पाण्याची बाटली, डोक्याला बांधायची टॉर्च, सगळं एका पिशवीत. बूट तेवढे बाहेर ओट्यावर होते. बाबा जेवून बाहेर आले, चष्मा लावला, एक बूट मांडीवर उलटा घेतला आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तळव्याच्या खाचांत रुतलेले खडे एकेक करून उचकायला लागले. मी म्हटलं, बाबा, असू दे, उद्या परत भरणारच आहेत.

"जोड टायरांत दगड अडकलेला ठेवून गाडी काढू नये," ते म्हणाले. "टायर जातो."

1986 पासून त्यांनी टिपर, म्हणजे खाणीचा माल वाहणारा ट्रक, चालवला. आधी दुसऱ्याचा, मग कर्ज काढून स्वतःचा. इथल्या, गोव्यातल्या, लोहखनिजाच्या खाणीवरून माल भरायचा, आमोण्याच्या धक्क्यावर नेऊन ओतायचा, तिथून तो बार्जमध्ये चढून मांडवी नदीतून मुरगाव बंदराकडे जायचा. उद्या आम्ही धावणार आहोत तो रस्ता म्हणजे त्या जुन्या खाणवाटेचाच तुकडा. डांबर त्यावर कधी पडलंच नाही. खडी, मुरूम आणि तांबडी माती.

शुक्रवारी वर्गात मुलांनी विचारलं, "बाई, 42 किलोमीटर समजलं, वर 195 मीटर कशाला?" त्यांना सांगितलं की 1896 साली अथेन्सला पहिली मॅरेथॉन झाली तेव्हा अंतर 40 किलोमीटरच्या आसपास होतं. 1908 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या सज्जापर्यंत शर्यत आखली, ती भरली 42.195 किलोमीटर, आणि 1921 मध्ये तेच अंतर कायम झालं. "म्हणजे राजासाठी वाढवलं!" मागच्या बाकावरून आवाज आला. त्यानंतर वर्गात गणित काही झालं नाही.

आईने रात्री पायांना खोबरेल तेल चोळून दिलं. ती दोनदा आषाढीला पायी पंढरपूरला जाऊन आली आहे. माझ्या पायांचं काय होणार ते तिला माझ्याआधी कळतं.

रविवार, संध्याकाळ

पलंगावर पाय उशांवर ठेवून लिहिते आहे. अक्षर वाकडं येतंय, कारण उजव्या तळहातावर पट्टी आहे.

पहाटे साडेपाचला देवळासमोरच्या मैदानातून सुटलो. पूर्ण अंतराला आम्ही सव्वीस जण, त्यांत बायका पाच. साखळी शहरापासून हे मैदान स्कूटरने फार तर वीस मिनिटं. गावातल्या मुलांनीच जमवलेली शर्यत. साडेदहा किलोमीटरहून थोडी मोठी एक फेरी, अशा चार. पाण्याची टेबलं कमी लागतात आणि कोणी चुकलं तर लवकर सापडतं, म्हणून असं आखतात. भटजींनी नारळ फोडला, प्रसादाचं खोबरं हातात पडलं आणि ते चावत चावतच धावायला सुरुवात केली. मला असली सुरुवात मोठ्या शहरातल्या भोंग्यांपेक्षा कितीतरी जास्त आवडते.

पहिली फेरी अंधारातच. टॉर्चच्या उजेडात खडीचा प्रत्येक दगड आपल्या सावलीसकट दुप्पट मोठा दिसतो. डांबरावर धावणारा समोर बघतो, खडीवर नजर सतत तीन-चार पावलं पुढच्या जमिनीवर ठेवावी लागते, आणि मान तिथेच दुखायला लागते. शिवाय सगळी खडी सारखी नसते. सुरुवातीचे दोन किलोमीटर दाबलेला मुरूम होता, पाऊल बसतं, आवाजही मऊ येतो. चढ सुरू झाला की जांभ्याचे गोल खडे लागतात, वाटाण्यापासून लिंबापर्यंत, खाली टणक जमीन आणि वर हे सुटे. बाबा त्यांना बॉल बेअरिंग म्हणतात. पाऊल मागे रेटलं की थोडं घसरतंच. प्रत्येक पावलाला असं थोडंथोडं वाया जातं, त्यामुळे पोटऱ्या आणि घोट्याभोवतीचे स्नायू रस्त्यापेक्षा खूप लवकर दमतात. रस्त्यावरचा वेग इथे धरायचा नसतो, हे मी सरावात शिकले होते. चढ सरळ चालून काढला. पुढचे दोघे धावत वर गेले. तिसऱ्या फेरीत त्यांना मी मागे टाकलं.

मग उतार.

सरावाच्या पहिल्या महिन्यात मी याच उतारावर दोनदा पडले होते. दुसऱ्यांदा घरी आले तेव्हा बाबा चहा पीत होते. गुडघा बघितला, कुठे पडलीस ते विचारलं. ठिकाण सांगितल्यावर म्हणाले, "तिथे तू ब्रेक मारला असणार." मी म्हटलं, म्हणजे काय, घसरत होते म्हणून पाय रोवले. "तोच ब्रेक. खडीर ब्रेक मारूं नाका, बाय. गाडी गियरात ठेवायची. इंजिनच तिला धरून ठेवतं. ब्रेक दाबला की चाक थांबतं आणि गाडी चालूच राहते." कप खाली ठेवून त्यांनी टेबलावर दोन बोटांनी चालून दाखवलं, बारीक बारीक, टकटकटक.

त्या दिवसापासून मी तशीच उतरते. टाच पुढे टाकायची नाही, टाच म्हणजे ब्रेक. पावलं लहान, भराभर, पाय अंगाच्या बरोबर खाली पडला पाहिजे, अंग किंचित पुढे, हात थोडे बाहेर. एखादा खडा सरकला तरी तोवर वजन दुसऱ्या पायावर गेलेलं असतं. पुस्तकांतही हेच सांगतात, फक्त मला ते टिपरवाल्याच्या भाषेत समजलं. पहिली फेरी 1 तास 16 मिनिटांत झाली.

दुसऱ्या फेरीत उजाडलं. वरच्या सपाटीवर खाणीचा जुना खड्डा आहे, पायऱ्या पायऱ्यांचा, तळाशी हिरवं पाणी. त्यावर धुकं होतं. आजूबाजूच्या डंपांवर, म्हणजे खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगांवर, लावलेल्या ऑस्ट्रेलियन अकेशियाचं आता रान झालं आहे. त्यापलीकडे काजूच्या बागा, मोहराचा तो गोड, जरासा उग्र वास. सूर्य वर आला तशी रस्त्याची माती अशी तांबडी पेटली की पुढच्या धावणाऱ्याच्या पोटऱ्यांपर्यंत रंग चढलेला दिसत होता.

हा रस्ता मला सुंदर वाटला, हे लिहायला मला बरीच वर्षं लागली. लहानपणी आम्ही शाळेच्या खिडक्या भर उन्हाळ्यात बंद ठेवायचो, तरी पाटीवर बोट फिरवलं की रेघ उठायची. पावसात व्हाळाला, ओढ्याला, तांबडं पाणी यायचं आणि खालच्या शेतांत गाळ बसायचा. मामाच्या शेतात त्यानंतर भात नीट झालंच नाही. मला दर हिवाळ्यात खोकला. आणि त्याच ट्रकच्या पैशांवर मी बी.एड. केलं, घराला स्लॅब पडला. त्या भरात गावात घरटी ट्रक आला होता, माल चीनला जात होता, ट्रिपेमागे पैसे मिळत म्हणून गाड्या एकमेकींना मागे टाकत सुसाट सुटायच्या. त्यात माणसंही गेली. मग सप्टेंबर 2012 मध्ये सगळं थांबलं. मध्ये थोडं सुरू झालं, पण 7 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या 88 लीजेस, म्हणजे भाडेपट्टे, रद्द केल्या आणि मार्चच्या मध्यावर बाबांची गाडी अंगणात उभी राहिली ती राहिलीच. पुढच्या वर्षी भंगाराच्या भावाने गेली. बाबा त्यानंतर या रस्त्याला कधी आले नाहीत. साखळीला जायचं तरी लांबून जायचे. खाण थांबली ते बरं झालं असं मला वाटतं, आणि त्या वेळचं बाबांचं तोंड आठवलं की घशात येतं. दोन्ही मनापासून.

तिसरी फेरी वाईट गेली. ऊन लागलं, हवेतला दमटपणा जाणवायला लागला, आणि वरच्या टेबलावर पोचले तर पाणी संपलेलं. टेबलावरचा पोरगा रडवेला झाला होता, गाडी आणायला गेलेत म्हणाला. माझ्या बाटलीत दोन घोट होते, त्यातला एक घेतला. 30 किलोमीटरच्या आसपास स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन संपत येतं हे माहीत असतं, पण अंगात ते कसं येतं तर कोणीतरी दिव्याची वात खाली केल्यासारखं. उतारावर लक्ष उडालं, टाच पुढे पडली आणि मी हातावर आपटले. तळहातात खडी घुसली. चार-पाच बारीक खडे कातडीखाली दिसत होते, तांबड्या मातीत रक्त कुठलं ते कळेना.

खाली कुळागराच्या, सुपारीच्या बागेच्या, कडेला वाड्यावरच्या बायका टोप घेऊन बसल्या होत्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आपणहून बसल्या होत्या. एकीने माझा हात धरून तांब्याच्या धारेखाली धुतला, नखाने दोन खडे काढले, आणि दुसरीने वाटीत पेज दिली. कोमट, पातळ, मीठ घातलेली, सोबत मिस्कुटाची, कैरीच्या लोणच्याची, एक फोड. त्या वेळी माझ्या शरीराला पाणी, मीठ आणि पिष्ट हेच तीन हवे होते. बाजारात पाकिटातून मिळणारी जेलं मी खाल्ली आहेत, ती घशाला चिकटतात. ही पेज पोटात गेली आणि सुपारीच्या सावलीत उभ्या उभ्या मला परत दिसायला, ऐकायला लागलं. "आता पुरे कर गो," त्या म्हातारीने म्हटलं. मी म्हटलं, एकच राहिली. तिने वाटीत आणखी एक पळी ओतली.

चौथी फेरी. 9 वाजून 40 मिनिटं झाली होती. चढ चालताना मनात आपोआप रामकृष्णहरी सुरू झालं, आई चालताना म्हणते तसं, पावलाला एक अक्षर. बरोबर कोणी नव्हतं. पुढे मागे कोणी दिसत नव्हतं. फक्त माझ्या बुटांखालची खडी करकरत होती.

चढाच्या माथ्यावर, पाण्याच्या टेबलाजवळ, प्लास्टिकच्या खुर्चीत छत्री उघडून बाबा बसले होते.

शेजारच्या मुलाच्या स्कूटरवरून आले होते. मी काही बोलू शकले नाही, त्यांनीही हात वगैरे केला नाही. माझ्याकडे खालून वर बघितलं, गाडी बघतात तसं. आधी पाय, मग गुडघे, मग तोंड.

"कितवी ट्रिप?"

"चौथी."

"शेवटची." त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. तोवर पाणी आलं होतं. "भरलेली गाडी आहे. सांभाळून उतर. सवकास वच."

मी उतरले. लहान पावलं, एकही ब्रेक न मारता. सगळ्या फेऱ्यांतला तो सगळ्यात चांगला उतार होता, 38 किलोमीटर झाल्यावरचा. खाली वळणावर मागे बघितलं तर वर काळी छत्री दिसत होती, खड्ड्याच्या बाजूला तोंड करून.

5 तास 51 मिनिटं. करवंटीचं पदक गळ्यात घातलं. पातळभाजी आणि दोन पाव खाल्ले, तिसरा मागून घेतला.

मंगळवार, रात्री

काल जिना उलटा उतरले, आज सरळ जमलं. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, जाणार. शाळेत मुलांनी पदक हातोहात फिरवलं, एकाने वाजवून पाहिलं.

संध्याकाळी ओट्यावर आले तर बाबा परत बूट घेऊन बसलेले. शेजारी जुन्या पेपरवर खडे मांडले होते. बहुतेक जांभ्याचे, हलके, भोकाभोकांचे. एक वेगळा होता. काळपट, शेंगदाण्याएवढा, कडेला चकाकणारा. बाबांनी तो तळहातावर उडवून पाहिला, वजनाचा अंदाज घेतला. मग ओट्याच्या फरशीवर दाबून ओढला. गडद तांबडी रेघ उठली.

"साठ टक्क्यांच्या वर लोखंडाचा माल," ते म्हणाले.

बाकीचे खडे त्यांनी पेपरसकट अंगणात झटकले. तो एक शर्टाच्या खिशात टाकला आणि दुसरा बूट उचलला.