तुम्ही विचारलंत म्हणून: 'यात ग्रह कुठाय?'

तरुण ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत असते, तिच्यातूनच पुढे ग्रह घडतात. अशा तबकडीचा फोटो पडद्यावर लावला की पाच मिनिटांत कोणीतरी विचारतंच, "यात ग्रह कुठाय?" फोटो बहुतेक वेळा एचएल टाउचा असतो. वृषभ तारकासमूहातला, साधारण ४५० प्रकाशवर्षांवरचा, जेमतेम दहा लाख वर्षांचा तारा. चिलीतल्या अल्मा या अनेक अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीने २०१४ मध्ये त्याच्याभोवती केशरी कडी आणि काळ्या फटी दाखवल्या, तेव्हा आम्ही खगोलशास्त्रज्ञ चाटच पडलो. इतक्या कोवळ्या ताऱ्याभोवती एवढी ठसठशीत कडी कोणाला अपेक्षित नव्हती.

तर उत्तर असं: ग्रह दिसत नाही. दिसते ती धूळ. आणि केशरी रंग आम्हीच दिलेला असतो, मोजलेली असते ती फक्त तीव्रता. साध्या प्रकाशात हा तारा धुळीच्या वेढ्यात दडलेला आहे. मिलिमीटरच्या आसपासच्या लहरी त्यातून आरपार येतात, आणि तबकडीतली थंडगार धूळ नेमक्या त्याच लहरींत उजळते.

मग फट कशाने पडते? ग्रह आपल्या कक्षेच्या आसपासचा वायू दोन्हीकडे ढकलतो. बाहेरच्या काठावर वायूचा दाब वाढतो, आणि ताऱ्याकडे घरंगळत निघालेले बारीक कण तिथेच अडकून त्यांचं कडं होतं. पण दाबाचा असा उंचवटा ग्रहाशिवायही तयार होऊ शकतो, चुंबकीय क्षेत्रामुळे वगैरे. म्हणून फट दिसली की 'ग्रह सापडला' म्हणायची घाई मला पटत नाही. बातम्यांत मात्र तसंच छापून येतं.

घाई मीही केली आहे. अल्मा थेट फोटो काढत नाही. अँटेनांच्या एकेका जोडीने नोंदवलेल्या लहरी जुळवून प्रतिमा गणिताने उभी करावी लागते, आणि पहिल्या खेपेला तिच्यावर पाण्यावरच्या तरंगांसारखे पट्टे असतात. ते साफ करता करता एका फटीत मला ठिपका दिसला. दोन दिवस कोणाला सांगितलं नाही, मनात मात्र शोधनिबंधाचं शीर्षकही ठरलं. तिसऱ्या दिवशी सफाईचे आकडे थोडे बदलले, आणि ठिपका गायब!

खरा ठिपका पीडीएस ७० भोवती आहे. हा तारा सुमारे ३७० प्रकाशवर्षांवर. त्याच्या तबकडीतल्या रुंद फटीत २०१८ मध्ये एका ग्रहाचं थेट छायाचित्र मिळालं, २०१९ मध्ये दुसरा सापडला. दोघंही अजून वायू गिळताहेत. त्यांच्यावर कोसळणारा हायड्रोजन एका ठरावीक लाल रंगात चमकतो, त्यावरून हे कळतं. २०२१ मध्ये तर दुसऱ्या ग्रहाभोवती त्याची स्वतःची छोटी तबकडी दिसली. पुढेमागे चंद्र घडू शकतील एवढी धूळ तिच्यात आहे.

पीडीएस ७०चा फोटो मी हल्ली अगदी शेवटी दाखवतो. आधी लावला तर एचएल टाउकडे कोणी बघतच नाही.