मोतम, जोगलू वगैरे

ऑफिसात नवीन माणूस आला की मी त्याला कॅल्क्युलेटर उघडताना एकदा बघून घेतो. गाव, शिक्षण, आधीची नोकरी हे तो स्वतःच सांगतो, पण माऊसवर हात ठेवल्यापासून पुढच्या दोन सेकंदांत जे कळतं ते बायोडेटात नसतं. कोणी स्टार्ट उघडून सगळ्या प्रोग्रॅमांची यादी काढतो आणि ए पासून एकेक पायरी उतरत सावकाश सी पर्यंत येतो. अशा माणसाची रजा नामंजूर झाली तरी तो चिडत नाही. कोणाच्या डेस्कटॉपवर चिन्हांची इतकी गर्दी असते की मागचा गणपती सोंडेपुरताच दिसतो, तरी हवं ते चिन्ह तो त्या गर्दीतून अचूक गाठतो. आणि कोणी विंडोजचं बटण धरून आर दाबतो, समोर आलेल्या चौकटीत ‘कॅल्क’ची चार इंग्रजी अक्षरं टाइप करतो आणि एंटर मारून आजूबाजूला बघतो. ही शेवटची जमात जरा आगाऊच. मी तिच्यातला.

आमच्या जमातीचं मूळ विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये आहे. चपला दाराबाहेर काढून एसीच्या खोलीत शिरायचं आणि काळ्या पडद्यासमोर बसायचं, असे कॉम्प्युटर क्लास ज्यांनी पाहिलेत त्यांना आठवेल. तिथे प्रोग्रॅम सुरू करायचा तर त्याचं नाव ठाऊक असावं लागे. लिहायला वर्डस्टार हवा असेल तर डब्ल्यूएस, आकडेमोडीला लोटस हवं असेल तर 123. दोन-तीन बटणं आणि एंटर. यापेक्षा जलद काय असणार? मात्र नाव आठवलं नाही, की ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम’ असं सुनावून यंत्र पुन्हा ढिम्म. मदतीला चित्र नाही, यादी नाही.

मग चित्रं आली. 24 ऑगस्ट 1995 ला विंडोज 95 बाजारात आलं आणि कोपऱ्यात स्टार्टचं बटण बसलं. त्याच्या पोटातून प्रोग्रॅम्स, त्यातून आणखी एक यादी, तिच्यातून आणखी एक, असा जिना आडवा उलगडत जायचा. शेवटच्या पायरीवर माऊस जरा घसरला की सगळा जिना मिटून आपण पुन्हा तळमजल्यावर. 1997 मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर 4 च्या सोबतीने क्विक लाँच नावाची छोटी पट्टी आली आणि स्टार्टशेजारी चिमुकली चिन्हं मांडता येऊ लागली. पुढे 2007 च्या विंडोज व्हिस्टाने स्टार्टमध्येच शोधायची चौकट दिली. म्हणजे काय, तर नाव टाइप करा. मॅकवाल्यांना ही सोय स्पॉटलाइटच्या रूपाने 2005 मध्येच मिळाली होती. लिनक्सवाल्यांनी टाइप करणं कधी सोडलंच नव्हतं, आणि हे ते न विचारता सांगतात. एवढा सगळा प्रवास करून आपण पुन्हा नावाशी आलो, फरक इतकाच की आता नाव अर्धवट आठवलं तरी चालतं.

पण कीबोर्डवाला खरंच जिंकतो का? याचा हिशेब करायची रीत स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूएल या तिघा संशोधकांनी 1980 मध्येच मांडून ठेवली आहे. हाताच्या एकेका हालचालीला त्यांनी सरासरी वेळ नेमून दिला. बेताचं टाइप करणाऱ्याला एक बटण दाबायला 0.28 सेकंद. कीबोर्डवरून माऊसवर हात न्यायला 0.4. पडद्यावरच्या एखाद्या गोष्टीवर बाण नेऊन टेकवायला 1.1. माऊसचं बटण नुसतं दाबायला 0.1 आणि सोडायलाही तेवढेच, हा आकडा मात्र नंतरच्या अभ्यासकांनी जोडला.

आता मांडा. डेस्कटॉपवाल्याचा हात माऊसवर गेला, बाण चिन्हावर पोचला, डबल क्लिक झालं आणि हात परत कीबोर्डवर आला: 2.3 सेकंद. आमची विंडोज, आर, चार अक्षरं आणि एंटर धरून सात बटणं: 1.96 सेकंद. इतक्या वर्षांचा माज तो एवढ्यावर! दिवसातून पन्नास वेळा कॅल्क्युलेटर उघडला तरी सतरा सेकंद वाचतात. तेवढ्यात मशीनमधला चहाचा कपसुद्धा भरत नाही. खरा विजेता निराळाच आहे. खालच्या पट्टीवर प्रोग्रॅम पिन करून ठेवायचा आणि विंडोजसोबत त्याचा क्रमांक दाबायचा. तिसऱ्या जागी असेल तर विंडोज आणि 3. दोन बटणं, 0.56 सेकंद. विंडोज 7 पासून ही सोय आहे आणि माझ्या पाहण्यात ती फारच थोडे वापरतात.

त्या तिघांच्या कोष्टकात आणखी एक आकडा आहे, 1.35 सेकंदांचा. काही करण्याआधी माणूस मनाची जुळवाजुळव करतो, त्याचा हा वेळ. सगळ्यांत मोठा खर्च तोच, आणि त्यावर कुठलाही शॉर्टकट निघालेला नाही. कॅल्क्युलेटर पापणी लवायच्या आत समोर येतो आणि मग आपण त्याच्याकडे बघत बसतो, की नक्की कशाची बेरीज करायची होती?

सेकंदांचं सोडलं, तरी मला वाटतं की खरा भेद डोक्यातल्या दोन सवयींचा आहे. काहींना वस्तू नावाने आठवते, काहींना जागेने. डेस्कटॉपवाल्यांना आम्ही हसतो, पण ते जुन्या छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवणाऱ्या जुळाऱ्यांचे वारस आहेत. जुळाऱ्याची नजर हस्तलिखितावर असे आणि हात आपोआप त्या त्या अक्षराच्या घरात जाई. मराठीची जोडाक्षरं धरून घरं किती, तरी तो शोधत नसे. आमच्या हिशेब विभागातल्या बाई अशाच. त्यांना फाइलचं नाव विचारा, सांगता येणार नाही. ‘ती उजवीकडे, रिसायकल बिनच्या वर’ एवढं मात्र झोपेतही सांगतील. मीटिंगमध्ये कोणी त्यांचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला, पडद्याची मापं बदलली आणि चिन्हं इकडची तिकडे झाली, तर त्यांची अर्धी सकाळ वाया जाते. तिथे नावाने शोधा म्हणून सल्ला देणं हा शुद्ध उद्धटपणा.

जागेवर भरवसा ठेवणाऱ्यांच्या बाजूने विज्ञानही आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी 1954 मध्ये दाखवून दिलं, की लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितका हात तिथे लवकर पोचतो. या न्यायाने पडद्याचा कोपरा ही सगळ्यांत सोपी जागा. बाण कितीही जोरात फेकला तरी तो कोपऱ्यापुढे जाऊच शकत नाही. म्हणून 2021 च्या विंडोज 11 ने स्टार्टचं बटण कोपऱ्यातून उचलून मध्यभागी नेलं, हे मला अजून पटलेलं नाही. त्यात ते एका जागी स्थिरही नसतं, शेजारी चिन्हं वाढली की डावीकडे सरकतं. सेटिंगमध्ये जाऊन ते परत कोपऱ्यात बसवता येतं. नवा कॉम्प्युटर आला की मी आधी ते करतो, मग बाकीचं.

नावाने शोधणाऱ्या मराठी माणसाची मात्र एक खास पंचाईत आहे, जिचा विचार त्या 1980 च्या कोष्टकात असायचं कारणच नाही. पत्र मराठीत लिहून झालेलं असतं, कीबोर्ड इन्स्क्रिप्ट या मराठी मांडणीवरच राहिलेला असतो आणि सवयीने बोटं त्याच चार बटणांवर कॅल्क्युलेटर मागतात. चौकटीत उमटतं ‘मोतम’. पेंट मागितला तर ‘जोगलू’. क्रोमचा ‘मपीदसा’. यंत्राला यातलं काही कळत नाही, आणि एकदा विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदला, मग पुन्हा टाइप करा, यात वाचलेला तिसरा हिस्सा सेकंद व्याजासकट परत जातो.

आमच्या पलीकडच्या टेबलावरच्या पोराने यावर इलाज काढला. त्याने एक फोल्डर केला, त्यात कॅल्क्युलेटर, पेंट वगैरेंचे शॉर्टकट ठेवले आणि त्या फोल्डरचा पत्ता विंडोजच्या पाथमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम कुठे कुठे शोधायचे त्या यादीत घातला. एवढं केलं की शॉर्टकटला आपण जे नाव देऊ, ते विंडोज-आरच्या चौकटीत चालतं. नावं त्याने सरळ मोतम आणि जोगलू अशी दिली. आता कीबोर्ड मराठीत असो की इंग्रजीत, बोटं तीच आणि कॅल्क्युलेटर तोच. हिशेब विभागातल्या बाईंनी एकदा त्याला हे करताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांची मेल आली, की आमच्याही मशीनवर मोतम टाकून द्यावं, लायसनचे पैसे लागत असतील तर आधी कळवावं.