क्रूझच्या जाहिरातीतला भाव आणि सोलापूरहून पडणारा भाव

सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरते त्याच सुमारास क्रूझ कंपन्यांच्या जाहिरातींनाही भरती येते. जानेवारी ते मार्च हा काळ या व्यवसायात ‘वेव्ह सीझन’ म्हणून ओळखला जातो, कारण थंडीने घरात अडकलेले युरोप-अमेरिकेतील लोक याच दिवसांत उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत आखतात आणि वर्षभराच्या जागा भरण्याची घाई कंपन्यांना याच दिवसांत असते. या काळात मूळ भाडे फार उतरते असे नाही. कमी आगाऊ रक्कम, जहाजावर खर्च करण्यासाठी मिळणारे क्रेडिट किंवा आतल्या केबिनच्या पैशांत खिडकीची केबिन अशा गोष्टी मात्र भाड्याला जोडून मिळतात. ज्या कंपनीच्या जहाजावर आपण कधी पाऊल ठेवलेले नाही, तिच्या बाबतीत अशा जोडून मिळणाऱ्या गोष्टींची किंमत कशी करायची, हा या लेखाचा विषय आहे.

यंदा माझ्या भाच्याने अशीच एक जाहिरात पाठवली आणि खाली लिहिले, “मावशी, अर्ध्या किमतीत मिळतंय बघ की. आज रात्रीपर्यंतच आहे.” मी करसल्लागाराचे काम करते, त्यामुळे कोणत्याही कागदावरील बारीक अक्षरे आधी वाचण्याची सवय अंगवळणी पडली आहे. मुंबईहून निघणाऱ्या तीन रात्रींच्या सफरीच्या त्या जाहिरातीत भाडे ठळक छापले होते, त्याच्या डोक्यावर एक चांदणी होती आणि तळाशी त्या चांदणीचा खुलासा होता: ही सवलत केबिनमधील दुसऱ्या प्रवाशाला लागू, बंदर शुल्क, सेवाशुल्क व कर वेगळे. ‘आज रात्रीपर्यंत’ या शब्दांबद्दल एवढेच सांगते, की या धंद्यातील बहुतेक सवलती मुदत संपताच नव्या नावाने पुन्हा उगवतात, त्यामुळे मुदतीच्या धाकाने निर्णय घेण्याचे कारण नसते.

त्या चांदणीचा अर्थ आकड्यांत पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. समजा पहिल्या प्रवाशाचे भाडे १८,००० रुपये आहे आणि दुसऱ्याला निम्मे, म्हणजे ९,००० रुपये. जाहिरातीत ‘९,००० पासून’ असे झळकते आणि वाचणाऱ्याच्या मनात रात्रीला तीन हजार हा आकडा बसतो. प्रत्यक्षात दोघांचे २७,००० होतात. त्यात बंदर शुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी मिळून माणशी ५,००० धरले, तर बिल ३७,००० वर जाते आणि माणशी एका रात्रीचा खर्च सहा हजारांच्या थोडा वरच पडतो. हा भाव वाईट आहे असे नाही, कारण त्यात राहणे, जेवण, करमणूक आणि प्रवास सगळेच येते. मात्र दोन कंपन्यांची तुलना करायची तर ती याच आकड्यावर करावी: सगळे शुल्क धरून, माणशी, एका रात्रीचा. एकट्याने जाणाऱ्याला तर बहुतेक कंपन्या दोघांच्या केबिनचे जवळजवळ पूर्ण भाडे लावतात. उलट त्याच केबिनमध्ये तिसरा-चौथा माणूस असेल तर त्याचे भाडे पुष्कळच कमी होते. म्हणून चौघांच्या कुटुंबाने दोन केबिनचा आणि एका केबिनचा असे दोन्ही भाव मागवावेत.

आता या हिशोबात सोलापूर घालू या, कारण मुंबईकरांनी लिहिलेल्या सल्ल्यांत तो भाग कधीच नसतो. मुंबईचे क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ते टॅक्सीने काही मिनिटांच्या अंतरावर आहे. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघणारा माणूस सकाळी तिथे उतरतो, सामान क्लोकरूममध्ये ठेवून नाश्ता उरकतो आणि दुपारच्या चेक-इनला निवांत पोहोचतो. सकाळची वंदे भारत दुपारी साडेबाराच्या सुमारास मुंबईत पोहोचते. कागदावर तीही चालते. पण जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधी चेक-इन बंद होते आणि उशिरा आलेल्या गाडीसाठी जहाज थांबत नाही, म्हणून जाताना रात्रीची गाडी आणि परतताना दुपारी चारच्या सुमारास मुंबईहून सुटणारी वंदे भारत, ही जोडी मला पटते. जहाज बहुधा सकाळीच लागते, त्यामुळे मुंबईत मुक्कामाचे पैसे दोन्ही वेळा वाचतात. एखाद्या सवलतीने जेवढे पैसे सुटतील तेवढे इथे केवळ गाडीच्या निवडीने सुटतात. २०२५ पासून सोलापूरच्या विमानतळावरून मुंबई आणि गोव्याची विमानसेवाही सुरू झाली आहे, तिचाही विचार करता येईल; मात्र सामानाच्या वजनाची मर्यादा पाहून.

सिंगापूरहून निघणाऱ्या सफरींसाठी मात्र सोलापूरकराने आपोआप मुंबईकडे तोंड करू नये. हैदराबाद आपल्याला मुंबईपेक्षा जवळ आहे आणि तेथून सिंगापूरला थेट विमाने आहेत, त्यामुळे दोन्ही ठिकाणांचे विमानभाडे पाहिल्याशिवाय एजंटाला होकार देऊ नये. व्हिसाचा खर्चही याच हिशोबात येतो. जहाज पेनांग किंवा फुकेतला जाऊन परत सिंगापूरलाच येते, म्हणजे आपण सिंगापूरमध्ये दोनदा प्रवेश करतो, आणि तेवढे प्रवेश आपल्या व्हिसावर आहेत ना, हे आधी पाहावे लागते. शिवाय परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने विक्रीच्या वेळीच गोळा करायचा आयकर, घेतला जातो. त्याचे दर गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारून घ्यावा. ही रक्कम विवरणपत्र भरताना आपल्या करात वळती होते किंवा परत मिळते, म्हणून ती खर्चात धरू नये, पण तेवढे पैसे काही महिने अडकतात हे लक्षात ठेवावे. माझ्याकडे येणारे कितीतरी लोक सहलीचा टीसीएस मागायचाच विसरतात आणि वर सहल महाग पडली म्हणून तक्रार करतात.

भाव कळला की पुढचा प्रश्न असा, की तो कमी का आहे. याचे उत्तर बहुधा सापडते. सफर सोमवारी निघत असेल तर ती शनिवार-रविवार धरून निघणाऱ्या सफरीपेक्षा स्वस्त असतेच. दिवाळीची किंवा मे महिन्याची शाळांची सुट्टी टाळली, की भाडे आपोआप खाली येते. जहाज एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात हंगामासाठी हलवले जात असेल, जसे शरद ऋतूत युरोपातून कॅरिबियनकडे, तर त्या एकमार्गी सफरी रात्रीच्या हिशोबाने फार स्वस्त मिळतात. पण जाणे एका खंडात, परतणे दुसऱ्या खंडातून आणि दोन-दोन व्हिसे, यांमुळे आपल्याकडून जाणाऱ्याला त्यात क्वचितच काही उरते. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, म्हणून मुंबईहून सफरी चालवणारी कॉर्डेलियासारखी कंपनी त्या दिवसांत आपले जहाज चेन्नईकडे नेते, आणि सोलापूरहून चेन्नईला मुंबई-चेन्नई मार्गावरच्या थेट गाड्या असल्याने तो पर्याय ऐकायला वाटतो तितका अवघड नाही.

जहाजाचे वय हेही स्वस्ताईचे एक प्रामाणिक कारण असते. कॉर्डेलियाचे एम्प्रेस हे जहाज १९९० मध्ये रॉयल कॅरिबियनसाठी नॉर्डिक एम्प्रेस या नावाने बांधले गेले, तर सिंगापूरहून जाणारे जेंटिंग ड्रीम हे २०१६ चे आहे आणि आकाराने त्याच्या तिप्पट आहे. दोन्हींचे भाडे शेजारी ठेवून ‘हे स्वस्त, ते महाग’ म्हणण्यात अर्थ नाही. पहिल्यांदाच समुद्रावर जाणाऱ्याला आपल्याला जहाज मानवते की नाही एवढेच पाहायचे असेल, तर मुंबईहून दोन-तीन रात्रींची सफर पुरेशी आहे. त्यासाठी पासपोर्टचे आणि परकीय चलनाचे सोपस्कार करण्याची गरज नाही.

कमी भावाचे एक कारण मात्र काळजीचे असते, ते म्हणजे कंपनीला रोख पैशांची निकड असणे. जलेश क्रूझेस ही कंपनी २०१९ च्या एप्रिलमध्ये मुंबईत मोठ्या थाटात सुरू झाली आणि करोनाच्या फटक्यानंतर २०२० च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली. स्टार क्रूझेस आणि ड्रीम क्रूझेस चालवणारा जेंटिंग हाँगकाँग हा तर जुना, नावाजलेला समूह होता, तरी २०२२ च्या जानेवारीत तो अवसायनात गेला, म्हणजे गाशा गुंडाळण्याची वेळ त्याच्यावर आली. पुढे त्याचेच जेंटिंग ड्रीम जहाज रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस या नव्या कंपनीने त्याच वर्षी सिंगापूरहून चालवायला घेतले. जहाज तेच राहिले, पण कंपनी बदलली. म्हणून अनोळखी कंपनीला वर्षभर आधी पूर्ण पैसे देऊन मोठी सवलत मिळत असेल, तर ती मी घेत नाही. आगाऊ रक्कम कमीत कमी ठेवते, क्रेडिट कार्डाने भरते, आणि सफर कंपनीनेच रद्द केली तर पैसे परत मिळणार की पुढच्या सफरीची कूपन हाती पडणार, हे लेखी घेते. या एका प्रश्नावर एजंट घुटमळला, तर दुसरा एजंट पाहते.

एजंटाविषयीही थोडे सांगायला हवे. आपल्याकडच्या सहल कंपन्या पुष्कळदा जहाजातील केबिन घाऊक घेऊन ठेवतात आणि रुपयांत विकतात. तो भाव कधी कधी कंपनीच्या संकेतस्थळापेक्षा खरोखरच कमी असतो. पण थेट बुकिंगची एक सोय त्यात बहुधा नसते: अंतिम रक्कम भरण्याच्या तारखेपूर्वी, जी परदेशी कंपन्यांत सफरीच्या साधारण तीन महिने आधी असते, भाडे उतरले तर अनेक कंपन्या मागणी केल्यावर नवा भाव लावतात. घाऊक केबिनला हे सहसा लागू होत नाही. म्हणून मी दोन्हींकडचे लेखी दरपत्रक मागते आणि बुकिंगनंतरही पंधरा-वीस दिवसांनी भाव पाहत राहते. अंतिम तारखेनंतर उरलेल्या केबिन स्वस्तात निघतात हे खरे आहे. मात्र तोपर्यंत विमानभाडे इतके चढते, की सिंगापूरच्या सफरीत ती बचत विमान कंपनीच्या खिशात जाते. शेवटच्या क्षणाची सवलत घ्यावी ती मुंबईच्या सफरीवर, जिथे रेल्वेचे तिकीट हाती असले की काम भागते.

केबिनच्या बाबतीत ‘गॅरंटी’ नावाचा एक स्वस्त प्रकार असतो, ज्यात केबिनचा वर्ग ठरतो, पण नेमकी केबिन कंपनी नंतर देते. आतल्या, बिनखिडकीच्या केबिनसाठी तो खुशाल घ्यावा. घरातील वडीलधारी माणसे बरोबर असतील आणि बोट लागण्याची, म्हणजे हेलकाव्यांनी मळमळण्याची, भीती असेल, तर मात्र थोडे जास्त देऊन खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागी असलेली केबिन निवडून घ्यावी, कारण तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात.

फुकट मिळणाऱ्या पेयांच्या पॅकेजविषयी माझे मत जरा कडक आहे. आमच्या घरात कोणी मद्य घेत नाही, आणि अशा कुटुंबाने पॅकेजसह व पॅकेजविना असे दोन्ही भाव विचारावेत. ‘फुकट’ पॅकेजवरसुद्धा काही कंपन्या सेवाशुल्क आकारतात. वाचलेले पैसे वायफायला किंवा किनाऱ्यावरच्या फिरण्याला कामी येतात. शाकाहारी व जैन जेवण मुंबई आणि सिंगापूरच्या सफरींत सहज मिळते, युरोपच्या सफरीत ते बुकिंगच्या वेळीच नोंदवावे लागते. घरून भाकरी-चटणी नेण्याचा मोह आवरावा, कारण घरी केलेले अन्न बहुतेक जहाजांवर चढू देत नाहीत. शेंगाचटणीचे बंद पाकीट मात्र मी नेते आणि आजवर कोणी काढून घेतलेले नाही.

ज्यांनी आधी दुसऱ्या एखाद्या कंपनीने प्रवास केला आहे, त्यांनी नव्या कंपनीकडे सभासदत्वाची पातळी मान्य करून घेण्याची विचारणा जरूर करावी. एमएससी ही कंपनी इतर क्रूझ कंपन्यांची, इतकेच नव्हे तर हॉटेलांच्या सभासद योजनांचीही पातळी ग्राह्य धरत आली आहे, आणि त्यासाठी आधीच्या पातळीचा पुरावा देऊन अर्ज भरावा लागतो. रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी या एकाच समूहातील असल्याने एकमेकींची पातळी मानतात. यातून लाखोंची बचत होत नाही, थोडी सवलत किंवा लहानसहान सोयी मिळतात; पण विचारायला काही जात नाही, आणि बुकिंगपूर्वी मागितले तरच त्याचा भाड्यावर उपयोग होण्याची शक्यता असते.

जहाजावर चढल्यानंतरही विक्री थांबत नाही. सफर संपत येते तसतसे पुढच्या सफरीचे बुकिंग घेणाऱ्या टेबलाशी गर्दी वाढू लागते आणि तेथे खरोखरच कमी आगाऊ रक्कम व जास्त क्रेडिट मिळते. कंपनी आवडली असेल आणि भरलेली रक्कम परत मिळण्याजोगी असेल, तरच तिथे सही करावी. ती परत मिळणार नसेल, तर माहितीपत्रक घेऊन यावे आणि घरी निवांत बसून सोलापूरपासूनचा हिशोब पुन्हा मांडावा.