पोर्शे ९११च्या मागच्या फेंडरवरचे स्टोन गार्ड बदलताना

पोर्शे ९११ या स्पोर्ट्स कारचे मागचे फेंडर, म्हणजे चाकांवरचे पत्रे, बाहेरच्या बाजूला चांगलेच फुगीर असतात. हा आकार डोळ्यांना सुखावतो खरा, परंतु पुढची चाके रस्त्यावरून जी खडी आणि वाळू उडवतात, तिचा मारा नेमका याच फुगवट्यावर बसतो. म्हणून मागच्या चाकाच्या पुढे, फेंडरच्या खालच्या भागावर, कारखान्यातूनच एक संरक्षक फिल्म चिकटवलेली असते; तिलाच स्टोन गार्ड म्हणतात. १९७५ साली विक्रीस आलेल्या पहिल्या ९११ टर्बोवर हे स्टोन गार्ड काळे होते आणि लांबूनही ओळखू येई. पुढे ते पारदर्शक झाले, आणि तेव्हापासून, पिवळे पडेपर्यंत, ते कित्येक मालकांच्या लक्षातही येत नाही.

माझ्या गाडीवरची फिल्म पिवळी पडून तिच्या कडा उचलल्या गेल्या होत्या आणि त्यांखाली मळाची काळी रेघ साचली होती. असा पिवळेपणा पॉलिशने जात नाही, कारण तो पृष्ठभागावर नसून फिल्ममध्ये आणि तिच्या गोंदात उतरलेला असतो.

नवी फिल्म लावण्यापेक्षा जुनी काढणे अधिक जिकिरीचे असते. त्याआधी फेंडर पूर्वी कधी पुन्हा रंगवला आहे का, हे रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राने पाहून घ्यावे. कारखान्यातला रंग सर्व थर मिळून साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरतो. आकडा याच्या दुपटीच्या घरात गेला, तर रंगकाम नंतरचे असण्याची शक्यता मोठी असते, आणि अशा रंगाची पकड कच्ची असेल तर फिल्मसोबत तोही निघून येतो. माझ्या फेंडरचा आकडा निर्धोक होता. हेअर ड्रायरने फिल्म हाताला चांगली गरम लागेपर्यंत तापवली, एक कोपरा नखाने सोडवला आणि फिल्म पृष्ठभागालगत, जवळजवळ स्वतःवरच दुमडत, अत्यंत सावकाश ओढत गेलो. सरळ बाहेर ओढल्यास सारा ताण रंगावर येतो, शिवाय जुनी फिल्म तुकड्यातुकड्यांनी फाटते. मागे राहिलेला चिकटा काढण्यासाठी लोखंडी पाते मुळीच वापरू नये; चिकटा काढण्याचे द्रावण थोडा वेळ मुरू द्यावे आणि मग प्लॅस्टिकच्या पट्टीने हलकेच खरवडावे. या कामात माझा बहुतेक दिवस गेला, आणि त्याची घाई करण्यात काहीही अर्थ नव्हता.

बसवण्याचे काम त्यामानाने थोडक्यात आटोपले. डाव्या आणि उजव्या बाजूचे तुकडे वेगवेगळे कापलेले मिळतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसून घेतली, पाण्यात बेबी शॅम्पूचे काही थेंब टाकून ते फेंडरवर आणि फिल्मच्या गोंदावर भरपूर फवारले, आणि फिल्म त्यावर सरकवत चाकाच्या कमानीच्या कडेशी जुळवली. त्यानंतर मध्यापासून बाहेरच्या दिशेने स्क्वीजी (पाणी निपटून काढणारी पट्टी) फिरवून पाणी काढले. जिथे वळण तीव्र आहे तिथे फिल्म थोडी तापवून ताणावी लागते, मात्र जास्त ताणलेली कड नंतर आकसून उचलली जाते.

आत राहिलेले पाण्याचे बारीक फुगे काही दिवसांत आपोआप जिरतात. सुई टोचण्याचा मोह आवरावा. गोंद पूर्ण धरेपर्यंत गाडी धुऊ नये, आणि त्यानंतरही प्रेशर वॉशरची धार कडेवर जवळून मारू नये, कारण बहुतेक स्टोन गार्ड तिथूनच सुटू लागतात.